कुर्ल्यात नदीसमोरचं लॉफ्ट घर: 'रिव्हर व्ह्यू'चे जास्तीचे पैसे द्यावेत का?

चुनाभट्टीची सून

नमस्कार मंडळी,

आम्ही चुनाभट्टीला राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीची एकुलती खिडकी शेजारच्या इमारतीच्या ड्रेनेज पाइपांसमोर उघडते. घर बदलायचं ठरलंय त्याचं मोठं कारण सासरे. गुडघ्यांमुळे त्यांचं खाली उतरणं बंद झालंय. दिवसभर त्या खिडकीपाशी बसून असतात.

कुर्ला पश्चिमेला, एलबीएस मार्गाच्या मिठी नदीकडच्या अंगाला एक इमारत बांधून होत आलीय. तिथला नवव्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला आवडला. बिल्डर त्याला लॉफ्ट म्हणतो. हॉलला दुप्पट उंची, भिंतभर काच, आणि आतून जिना चढून गेलं की अर्ध्या भागावर मधला मजला, तिथे झोपायची खोली. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, ६२० चौरस फूट. काचेतून खाली मिठी आणि पलीकडे बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल). त्याच मजल्यावर अगदी असाच दुसरा फ्लॅट रस्त्याच्या बाजूला आहे. नदीकडच्यासाठी चौरस फुटामागे १८०० रुपये जास्त मागतायत.

नवऱ्याचं म्हणणं, हे पैसे विकताना वसूल होतील, मुंबईत पाणी दिसणारं घर पडून राहत नाही. मला तेवढी खात्री वाटत नाही. नदीकाठी राहिलेल्या किंवा अशी घरं विकलेल्या कुणी सांगाल का, नदी दिसण्याला खरंच किंमत येते का?

वरळी ते विरार

डोळे झाकून घ्या. मुंबईत समोर मोकळं मिळणं हीच चैन आहे. रस्त्याकडच्या फ्लॅटसमोर उद्या चाळीस मजली टॉवर उभा राहील, नदीत कोणी टॉवर बांधणार नाही.

मोजपट्टी

ताई, निवृत्त होईपर्यंत मी बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करत होतो. सायन, कुर्ला, घाटकोपर हा पट्टा बराच काळ माझ्याकडे होता. आधी तुमचा हिशेब मांडतो.

६२० गुणिले १८०० म्हणजे ११ लाख १६ हजार. त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्क, आणि इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेली नसताना घेतलंत तर ५ टक्के जीएसटी. सगळं मिळून जवळपास १२ लाख ४० हजार. एवढ्या रकमेचा साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता महिना पावणेअकरा हजारांच्या घरात जातो. त्या खिडकीचं हे महिन्याचं भाडं समजा.

ही रक्कम सरकारी कागदावर कुठेच दिसणार नाही. रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं तो, दर विभागावरून ठरतो. लिफ्टच्या इमारतीत मजल्याप्रमाणे त्यात वाढ धरतात, पाचव्या ते दहाव्या मजल्याला ५ टक्के, अकराव्या ते विसाव्याला १०. खिडकीतून काय दिसतं याला तिथे रकाना नाही. बँकेचा माणूस आजूबाजूला खरोखर झालेले व्यवहार बघतो, आणि तेच तुम्हालाही घरबसल्या बघता येतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जाऊन त्या भागातल्या नदीकाठच्या जुन्या इमारतींचे इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) काढा. त्यात फ्लॅटचा नंबर, क्षेत्रफळ आणि मोबदला असतो. कुठल्या नंबराचा फ्लॅट नदीकडे आणि कुठला रस्त्याकडे, ते वॉचमन सांगतो. साधारण त्याच मजल्यावरच्या, त्याच वर्षातल्या पुनर्विक्रीच्या जोड्या लावा. बिल्डरने केलेली पहिली विक्री त्यात धरू नका, कारण तो भाव त्यानेच लावलेला असतो. तुम्हाला उत्तर हवंय ते एका घरमालकाने दुसऱ्याला विकताना काय मिळालं याचं.

माझ्या अनुभवात मिठीच्या काठावर नदीकडच्या घराला थोडा जास्त भाव मिळायचा, पण तो पाण्याचा नसायचा. समोर दुसऱ्याची भिंत नाही, याचा असायचा. शाळेच्या पटांगणासमोरच्या घरालाही तेवढाच मिळायचा. आणि वासामुळे खिडकी बंद ठेवायची वेळ येत असेल तर तोही जायचा. गिऱ्हाईक संध्याकाळी घर बघायला यायचं, मालक आधीच एसी लावून काचा लावून बसलेला असायचा, आणि गिऱ्हाईकाने काच सरकवली की पुढची बोलणी वेगळीच व्हायची. हे मी फार वेळा पाहिलंय.

आता तुमच्या घराची खास गोष्ट, म्हणजे ते लॉफ्ट आहे. साध्या टू-बीएचकेत एक खोली नदीकडे असते, दुसरी दुसऱ्या बाजूला. एक खिडकी बंद करून दुसरी उघडता येते. तुमच्या घराला खिडक्यांची मोठी भिंत एकच, आणि मधल्या मजल्यावरची खोलीही तिच्यातूनच श्वास घेणार. ती भिंत पश्चिमेला आहे. मुंबईत दुपारपासून वारा समुद्राकडून वाहतो, म्हणजे नदीवरून सरळ तुमच्या हॉलमध्ये. कालिन्याच्या काठावर घर असतं तर तोच वारा वास उलट्या दिशेला नेता. शिवाय दुपारचं ऊन दुप्पट उंचीच्या काचेवर पडणार आणि तापलेली हवा वर चढून नेमकी झोपायच्या खोलीत साचणार. मग एसी जास्त चालवणार. मिठीत सांडपाणी मिसळतं, त्यातला प्राणवायू संपला की हायड्रोजन सल्फाइड निघतो. या वायूने चांदी काळी पडते आणि तांबंही खाल्लं जातं. एसीच्या कॉइलमध्ये तांब्याच्या नळ्या असतात, त्यांना बारीक छिद्रं पडून गॅस गळतो. म्हणून शेजारच्या जुन्या इमारतीत कुणाकडे तरी पाच मिनिटं बसा. देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं किती दिवसांनी घासावी लागतात आणि एसीचा गॅस किती वेळा भरावा लागतो, एवढं विचारा. मी तेच बघायचो.

वरळीकर म्हणतात ते नदीच्या पात्रापुरतं बरोबर आहे. तिवरं (खारफुटी) असतील तिथे उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो. पण तुमची इमारत आणि नदी यांच्यामध्ये जी जमीन आहे तिचं काय? महापालिकेकडून त्या भूखंडाचे २०३४ च्या विकास आराखड्याप्रमाणे डीपी रिमार्क्स काढा. तिथे रस्ता आहे, बाग आहे की पुनर्वसनाची इमारत यायची आहे, ते बघा. मध्ये काही उभं राहिलं तर तुम्हाला तक्रारीला जागा नाही. १८८२ च्या इझमेंट कायद्यात २० वर्षांच्या वापरानंतर खिडकीच्या उजेडाचा आणि हवेचा हक्क सांगता येतो, नजाऱ्याचा हक्क आपल्याकडे नाही.

एक राहिलंच, आणि नदीपेक्षा ते महत्त्वाचं ठरू शकतं. तो मधला मजला मंजूर नकाशात कसा दाखवलाय? महापालिकेच्या नियमांत लॉफ्ट म्हणजे सामानाचा माळा, उंची दीड मीटरपर्यंत. त्यात माणसाने झोपायचं नसतं. तुमची वरची खोली मंजुरीत माळा म्हणून असेल तर बँक तिची किंमत धरणार नाही आणि पुढचं गिऱ्हाईकही धरणार नाही. ६२० फुटांत ती मोजलीय का, हे महारेराच्या (गृहप्रकल्पांवरचं सरकारी नियामक प्राधिकरण) संकेतस्थळावरच्या मंजूर नकाशावरून आणि कराराच्या मसुद्यावरून ताडून बघा.

सुकती

मी धारावी कोळीवाड्यातला. मोजपट्टी साहेबांनी वाऱ्याचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो.

ही नदी विहार आणि पवई तलावाच्या सांडव्यातून निघते आणि जेमतेम अठरा किलोमीटरवर माहीमच्या खाडीत येते. खालच्या अंगाला ती खाडीच आहे, भरतीचं पाणी कुर्ल्यापर्यंत चढतं. त्यामुळे दिवसातून दोनदा तुमचा व्ह्यू बदलणार. भरतीला काठोकाठ पाणी, उन्हात चमकतं, फोटो छान येतात. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, काळा गाळ उघडा पडतो आणि वास तेव्हा उठतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमाराला असते आणि सुकती संध्याकाळी सहाच्या आसपास. पाणी उतरतंही सगळ्यात जास्त त्याच दिवसांत. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, पाणी फार हलत नाही. घर बघायला दुपारी बोलवलं असेल तर तुम्ही भरलेली नदी बघून आलात. पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाचला जा, एप्रिल-मेमध्ये जमलं तर उत्तम, पाऊस पडायच्या आधी. त्या वेळी काच पूर्ण उघडून अर्धा तास बसा.

आमच्या आजोबांनी या पाण्यात मासळी धरलीय. नदी वाईट नाही हो, तिच्यात जे सोडलंय ते वाईट आहे. धारावीला डम्पिंगच्या जागेवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं, तिथे आज झाडी आहे आणि पक्षी येतात. काठ सुधारू शकतो. फक्त कधी सुधारेल त्याचे पैसे आज बिल्डरला देऊ नका.

दहिसर नदीकाठ

आमचं घर दहिसर नदीला लागून, चौथा मजला. नदी राष्ट्रीय उद्यानातून येते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये वरून जे पाणी येतं ते बघत बसावंसं वाटतं. माझी आई तासन्‌तास बघते. उन्हाळ्यात तबेल्यांचं आणि गटाराचं पाणी तेवढं उरतं. पण मला नदी नको असं कधीच वाटलं नाही. समोर खंड्या बसतो, रात्री वारा लागतो, रस्त्याचे हॉर्न ऐकू येत नाहीत. हे पैशांत कसं मोजायचं मला माहीत नाही, पण ते आहे.

ताई, तुम्ही नवव्या मजल्यावर असलात तरी तळमजला बघून या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीकाठी काय झालं ते कुर्ल्यातल्या कुणालाही विचारा. वीजमीटर, पंप आणि जनरेटर किती उंचीवर बसवलेत? पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी कुठे आहे, तिचं झाकण जमिनीच्या किती वर आहे? पार्किंग खड्ड्यातलं आहे का? पंप बुडाला की वर पाणी नाही, मीटर बुडाले की लिफ्ट नाही. सासऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार करता लिफ्ट बंद पडणं तुम्हाला परवडणारं नाही.

चुनाभट्टीची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. खरंच आम्ही दुपारी साडेबाराला घर बघितलं होतं आणि एसी चालू होता. काच उघडून बघावी हे सुचलंच नाही, सेल्सवाल्या मुलीने पडदा बाजूला केला आणि आम्ही बघतच राहिलो.

मोजपट्टी काका, एक विचारते. विकायचा विचार बाजूला ठेवला आणि फक्त सासऱ्यांसाठी घ्यायचं म्हटलं, तर तुम्ही काय कराल? रस्त्याकडचा फ्लॅट घेतला तर १२ लाख वाचतात हे खरं, पण तिथे समोर पुन्हा इमारतच आहे.

मोजपट्टी

ताई, मग गणित वेगळं. जो माणूस दिवसाचे बारा तास खिडकीशी बसणार आहे त्याच्यासाठी महिना पावणेअकरा हजार जास्त आहेत असं मी म्हणणार नाही. माझे वडील शेवटची वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यांना कॅलेंडर आणि पंखा सोडून काही दिसायचं नाही. तुमची धडपड मला कळते.

पण मग सासरे कुठे बसणार ते पक्कं करा. मधल्या मजल्यावरची खोली त्यांच्यासाठी नाहीच, जिना आहे. ते खाली हॉलमध्ये झोपणार-बसणार, म्हणजे त्यांना नवव्या मजल्यावरून बसल्या जागी नदी दिसते का, की फक्त आकाश? काचेला खालून तीन-साडेतीन फुटांवर आडवी पट्टी किंवा रेलिंग येतं, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर नेमकं तेच. खुर्ची नेऊन बसून बघा. दुपारी तीन ते सहा तिथे ऊन सोसतं का तेही बघा. उघडणारा झरोका त्यांच्या हाताला येतो की वर आठ फुटांवर आहे?

आणि भावाचं बोलताना नदीवर वाद घालू नका. पश्चिमेचं ऊन आणि मधल्या मजल्याची मंजुरी यावर बोला. नदीकडच्याच बाजूला खाली-वरच्या मजल्यांवर दुसरा लॉफ्ट शिल्लक आहे का ते विचारा. इमारत पूर्ण होत आली आणि नदीकडची घरं शिल्लक असतील तर १८०० वर तो अडून बसणार नाही. चौरस फुटामागे ६००-७०० पर्यंत आला तर मी तुमच्या जागी घेईन, वासाची परीक्षा पास झाली तरच. ओसीपर्यंत थांबायची तयारी असेल तर जीएसटीही वाचेल.

वरळी ते विरार

डोळे झाकून घ्या म्हणालो होतो, ते ओहोटी आणि मंजुरीच्या मुद्द्यांवर मागे घेतो. मोकळं असण्याबद्दल मात्र ठाम आहे.

चुनाभट्टीची सून

पौर्णिमा शुक्रवारी आहे. नवऱ्याला सुट्टी घ्यायला लावलीय, सासऱ्यांना टॅक्सीने नेतोय, त्यांची घरची खुर्चीही सोबत. बिल्डरच्या ऑफिसला एसी बंद ठेवायला सांगितलंय. मधल्या मजल्याच्या मंजूर नकाशाची प्रत लेखी मागितलीय, "बघून सांगतो" म्हणाले. शेजारच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या एक काकू चहाला बोलवतायत, त्यांच्याकडे निरांजनं आणि एसी दोन्ही विचारते. इंडेक्स टू काढायला बसले होते, दोन जोड्या मिळाल्यात पण एकीचं क्षेत्रफळ बिल्ट-अपमध्ये (भिंती धरून) आहे आणि दुसरीचं कार्पेटमध्ये. काका, ते एकमेकांशी कसं जुळवायचं तेवढं सांगाल का?