मदत हवी आहे: सात मात्रा म्हणजे रूपकच ना? देशोदेशीचं संगीत कानाने कसं ओळखायचं?

पेटीवाली

नमस्कार मंडळी,

जाणकारांनी मदत करा, फार लाज वाटतेय.

मी संगीत विशारद आहे. पेटी वाजवते, आमच्या भजनी मंडळात वीस वर्षं साथ करते. या जूनपासून एका आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत संगीत शिकवायला लागले. तिथे आठवी-नववीला ऐकण्याचा पेपर असतो. चाळीस सेकंदांची क्लिप दोनदा वाजते. तेवढ्यात ताल, सुरावट, वाद्य, एकावेळी किती स्वरओळी चालू आहेत आणि संगीत साधारण कुठलं असावं, हे सगळं लिहायचं. शिक्षकांनी आधी स्वतः देऊन बघावा म्हणून आमचीही चाचणी झाली. मला वीसपैकी नऊ. नववीतल्या एका मुलीला चौदा, आणि तिला भूप आणि देशकार हे दोन राग एकच वाटतात!

काय काय चुकलं ते सांगते.

क्लिप ४. सात मात्रा, एकदम जलद, पिपाणी आणि बॅगपाइपच्या मधलं काहीतरी वाद्य आणि मोठा ढोल. मी बिनधास्त 'रूपक' (आपला सात मात्रांचा ताल) लिहिलं. उत्तर: बल्गेरिया, दोन-दोन-तीन.

क्लिप ७. तारा छेडलेल्या, मधे मोठमोठ्या शांत जागा. सा, कोमल रे, म, प, कोमल ध. म्हणजे राग गुणकलीच की. उत्तर: जपान.

क्लिप ९. अरबी वाद्य आहे एवढं कळलं, पण गंधार बेसूर वाटला. मी तसं लिहूनही आले. त्यावर तपासणाऱ्या बाईंनी लाल शाईत फक्त उद्गारचिन्ह काढलंय.

क्लिप १३. क्लॅरिनेट लिहिलं, क्लॅरिनेट नव्हतं.

क्लिप १६. इंडोनेशियातलं घंटांचं संगीत, ते ओळखलं. पण घंटेच्या ठोक्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, धरून मोजलं आणि आवर्तनाची मांडणी चुकली.

कोरसची एक क्लिप होती, तीही गेली.

सूर-ताल मला कळतात असं वाटत होतं. आता वाटतंय, मला फक्त माझेच कळतात. दुसरी चाचणी पुढच्या महिन्यात आहे. कसा सराव करू?

चाफा

वाचतेय. मलाही हेच हवं होतं.

शंकासुर

मोबाइलवर गाणं ओळखणारं ॲप असतं की. दोन सेकंदांत नाव सांगतं. कशाला डोक्याला ताप.

पेटीवाली

@शंकासुर, परीक्षेत मोबाइल बाहेर ठेवायला लावतात हो. आणि ॲप गाण्याचं नाव सांगेल, दोन-दोन-तीन नाही सांगणार.

म्युनिककर

ताई, क्लिप ४ माझ्या प्रांतातली. मी इथे दर मंगळवारी बाल्कन लोकनृत्याच्या वर्गाला जातो. पहिले दोन महिने माझीही हीच गत होती. शाळेत तबला शिकलो होतो, त्यामुळे पाय रूपकात पडायचे आणि शेजारची आजी माझ्या अंगावर आदळायची.

तुम्ही ऐकलात तो बहुतेक रचेनित्सा, तिथला लोकनाच. मोजायचा नादच सोडा, बोल म्हणा. आपल्या रूपकाचे तुकडे 'तकिट तक तक', म्हणजे तीन-दोन-दोन. रचेनित्सा 'तक तक तकिट'. लांब पाऊल शेवटी येतं. त्या वेगात सात आकडे मोजायला गेलात तर जीभ अडकते. नाचणारे सात मोजतच नाहीत, त्यांना तीनच पावलं कळतात: आखूड, आखूड, लांब.

गंमत म्हणजे ग्रीकांचा कलामतियानोस नाच सातचाच आहे, आणि तो तीन-दोन-दोन. तिथे तुमचं 'रूपक' निदान विभागांपुरतं बरोबर ठरलं असतं.

खाली_भरी

म्युनिककर, एक शंका. तीन-दोन-दोन आणि दोन-दोन-तीन हे फिरवलं तर एकच चाक आहे. चाळीस सेकंदांची क्लिप मधूनच सुरू झाली, तर सुरुवात कुठे हे कशावरून ठरवायचं? आम्ही ठेक्यावरून ठरवतो. 'ती ती ना' ऐकलं की रूपकाची सम, तीही खालीची, म्हणजे टाळी न देता रिकाम्या हाताने दाखवायची. त्यांचा ठेका कुठाय?

म्युनिककर

रास्त शंका. ठेका नाही, पण ढोल आहे. तो बल्गेरियन तापान. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. जाड टिपऱ्याचा घुमारा गटांच्या सुरुवातीला पडतो, बारीक काडी मधलं भरते. एकदा फक्त घुमारेच ऐकायचे, बाकी सगळं सोडून. मग धून श्वास कुठे घेते ते पाहायचं. धून जिथे टेकते त्याच्या पुढचा घुमारा म्हणजे सुरुवात. पहिल्या वाजण्यात एवढंच करा. दुसऱ्यात वाद्य.

खाली_भरी

पटलं. म्हणजे आपल्याकडे तबला सांगतो ते तिथे धूनही सांगते.

पेटीवाली ताई, यात आपली एक खोड आहे. आपण ठोका ऐकला की समेवर वजन शोधतो. जमैकाचं रेगे संगीत ऐका कधी. त्यातल्या एका नेहमीच्या ठेक्यात चारातली पहिली मात्रा ड्रमवाला रिकामी सोडतो आणि तिसरीवर मारतो. ज्याने रूपकाची खालीची सम पचवली आहे त्याला हे जड जाऊ नये, पण जातं! कारण रूपक आपण शिकलोय आणि रेगे नुसता ऐकलाय.

पेटीवाली

'तक तक तकिट' आज मधल्या सुट्टीत पोरांकडून टाळ्यांवर करून घेतलं. त्यांना पाच मिनिटांत आलं. मला अर्धा तास लागला, हात आपोआप 'तकिट'वर परत जातात. पण क्लिप ४ परत ऐकली आणि घुमारे खरंच वेगळे ऐकू आले!

गंधाराचं कोणी सांगेल का?

मस्कतचा_मध्यम

मी सांगतो. इथे ओमानमध्ये चौदा वर्षं आहे, ऊद शिकायचा प्रयत्न सहा वर्षं. ते वाद्य ऊदच होतं ना? पडदे नसलेलं, पोटाला फुगीर?

ताई, तो गंधार बेसूर नव्हता. आपला कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या साधारण मधोमध तो बसतो. पाश्चात्त्य मापात (सप्तकाचे बाराशे सेंट) कोमल ग तीनशे सेंट, शुद्ध चारशे, तर हा साडेतीनशेच्या आसपास. 'रास्त' नावाच्या मकामात (मकाम म्हणजे साधारण त्यांचा राग) ग आणि नी असे मधले असतात, 'बयाती'त रे मधला असतो. नक्की किती मधला यावर कैरो आणि इस्तंबूलचं एकमत नाही. तुर्की रास्तचा गंधार जरा चढा लागतो. १९३२ साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती. तिथे सप्तकाचे चोवीस सारखे भाग करावेत का, यावर भरपूर वाद झाला. वाजवणाऱ्यांची बोटं मात्र आपापल्या गुरूच्या जागेवरच पडत राहिली.

'हिजाझ' हा मकाम ऐकला की आपले लोक लगेच राग बसंत मुखारी म्हणतात, आणि नुसते स्वर पाहिले तर ते फारसं चूकही नाही. घोळ होतो तो या मधल्या स्वरांचा.

आणि हो, तुमच्या कानाला तो चुकीचा वाटला याला कारण पेटी! वीस वर्षं ज्या वाद्यात दोन पट्ट्यांच्या मधे काहीच नाही त्याच्यावर कान घासलाय. राग मानू नका.

शंकासुर

म्हणूनच ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटी हद्दपार केली होती 😀

पेटीवाली

@शंकासुर, आणि १९७१ मध्ये गपचूप परत आणली तेही लिहा!

@मस्कतचा_मध्यम, राग नाही, खरंच आहे ते. पण मग ऐकताना 'हा मुद्दाम मधला' आणि 'हा बेसूर' यात फरक कसा करायचा?

मस्कतचा_मध्यम

दरबारी रागाचा गंधार तुम्ही बेसूर म्हणता का? नाही ना. का नाही? कारण तो दर वेळी तिथेच, तसाच उतरलेला, आंदोलन घेऊन येतो. इथेही तेच. बेसूर माणूस दर वेळी वेगळ्या ठिकाणी बेसूर होतो. स्वर पाच वेळा आला आणि पाचही वेळा त्याच जागी बसला, तर ती जागा आहे.

सरावाला पेटी नको. फोनवर तानपुरा लावा आणि आवाजाने कोमल गवरून शुद्ध गवर अगदी हळू सरका. मधे एक जागा लागते, ना रडवी ना हसरी. तिथे थांबा. पहिला आठवडा थांबवत नाही, कान ओढून वर नेतो.

घुमट

कोरसच्या क्लिपबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. काय ऐकलंत ते जरा सांगा पाहू.

पेटीवाली

पुरुषांचे आवाज. एक खाली घट्ट धरलेला, वर दोन फिरणारे. मी 'मुख्य गायक आणि मागे साथ' असं लिहिलं. उत्तर जॉर्जिया.

घुमट

अमेरिकेतलं नव्हे, कॉकेशसमधलं. हो, तिथे तीन आवाजांत गातात, पूर्व भागात खालचा आवाज असा धरून ठेवतात. तुम्हाला तो तानपुरा वाटला असणार आणि वरचे दोघे एकमेकांची साथ करताहेत असं वाटलं असणार.

आम्हा गोवेकरांना हे लहानपणापासून कानावर असतं. मांडो (आमचं कोकणी गाणं) म्हणताना दुसरा आवाज पहिल्याच्या खाली तिसऱ्या स्वरावर आपोआप लागतो, चर्चच्या गाण्याची सवय. माझी देशावरची बायको मात्र अजून म्हणते, 'तुम्ही दोघं वेगवेगळं का गाताय?'

माझी युक्ती सोपी आहे. क्लिप चालू असताना एक आवाज धरून गुणगुणायचं. मग दुसरा. दोन्ही वेळा सरळ वेगवेगळ्या चाली निघाल्या तर आवाज खरंच स्वतंत्र आहेत. एकाच चालीची दोन रूपं निघाली, एक साधं आणि एक नटवलेलं, तर तो प्रकार निराळा. तुम्ही गायकाच्या मागोमाग पेटीवर जे करता ना, अर्धं पाऊल मागे, आपल्या दोन हरकती घालून, तोच. त्यांनी त्याला हेटेरोफनी असं भारी नाव दिलंय, आणि तुम्ही ते वीस वर्षं वाजवताय.

सवाल-जवाब तर पोवाड्यातल्या झीलकऱ्यांवरून (शाहिराच्या मागे साथ धरणारे) शिकवा. शाहिराची ओळ संपायच्या आत 'जी जी रं जी' आलं की मुलं जन्मात विसरणार नाहीत.

पेटीवाली

अगं बाई! हे डोक्यातच आलं नव्हतं.

म्युनिककर

क्लिप १३ म्हणजे दुदुक असणार. आर्मेनियाचं, जर्दाळूच्या लाकडाचं. क्लॅरिनेटसारखं वाटतं कारण नळी आतून सरळच असते, शहनाईसारखी उघडत जात नाही. पण जिभाळी (तोंडात धरायची रीड) दुहेरी, आणि चांगली रुंद. ओळखायची खूण म्हणजे क्लॅरिनेट टुणकन वर उडी मारतं, दुदुक एका सप्तकाच्या फारसं बाहेर पडत नाही. आणि मागे दुसरा दुदुकवाला एकच सूर धरून बसलेला असतो, आपल्या शहनाईच्या ताफ्यात असतो तसा.

खाली_भरी

गुणकलीचं मी बघतो. स्वर तेच आहेत, तुमचं काही चुकलं नाही. पण गुणकलीत कोमल रे आणि ध डुलतात, एकातून दुसऱ्यात मिंडेने, म्हणजे सलग सरकत जातात, खाली षड्ज अखंड असतो. तुमच्या क्लिपमधलं जपानी वाद्य बहुतेक कोटो, त्यात तेरा तारा. स्वर छेडला जातो आणि विझतो, क्वचित डाव्या हाताने तार दाबून जरा चढवतात. खाली तानपुरा नाही. स्वर लिहून झाले की पेन ठेवू नका, दोन स्वरांच्या मधे काय होतंय तेही लिहा. आपलं संगीत बरंचसं त्या मधल्या जागेत राहतं, त्यामुळे जिथे ती रिकामी असते तिथे लगेच कळायला हवं.

आणि जावाची मोठी घंटा. तुम्ही तिला सम म्हणालात ते मला आवडलं, फक्त ती पहिली मात्रा नाही, शेवटची. त्यांचं वजन चारातल्या चौथ्या मात्रेवर आणि सगळ्यात मोठं वजन आवर्तनाच्या शेवटी. तिहाई आठवा, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतो ती. तिहाईत सम ही पोचायची जागा असते, निघायची नाही. तोच कान लावून ऐका.

पेटीवाली

क्लिप १६ तिहाईच्या कानाने ऐकली. बसली! मग लक्षात आलं की छोट्या घंटाही उगाच वाजत नाहीत, त्या मोठ्या घंटेकडे नेणारे मैलाचे दगड आहेत. मात्र सुरावट अजून पकडता येत नाही. पाच स्वर वाटतात, पण भूप म्हणावं तर गंधार जागेवर नाही.

मस्कतचा_मध्यम

स्लेंद्रो असेल, जावाची एक सुरावट. पाच स्वर, अंतरं जवळपास सारखी. भूपाचा ग शोधू नका, तो तिथे नाहीच. शिवाय घंटांचा प्रत्येक संच आपापल्या सुरात ओतलेला, एका गावचं वाद्य दुसऱ्या गावच्या संचात चालत नाही.

खाली_भरी

जाता जाता एक गंमत. घानातल्या एवे लोकांच्या ढोलवादनात लोखंडी घंटेचा एक नमुना सतत चालू असतो. बारा मात्रांत सात ठोके, अंतरं अशी: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. आता पेटीवर सा ते सां सगळे शुद्ध स्वर वाजवा आणि मधे किती पट्ट्यांचं अंतर पडतं ते मोजा.

पेटीवाली

दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. हे काय आहे!! आमचे हे विचारताहेत, रात्री साडेअकराला पेटीवर काय मोजतेयस.

दुसऱ्या चाचणीच्या सरावाच्या क्लिप मिळाल्या आहेत, त्यात अकरावी अशीच घंटेची निघाली. मी बोल लिहिले: तक तक त तक तक तक त. बरोबर आहेत का? आणि यात सुरुवात कुठे धरायची? घंटा तर कुठूनही सुरू झाल्यासारखी वाटते.

खाली_भरी

बोल बरोबर. सुरुवात घंटेत शोधू नका, ती सांगणार नाही. मागे नाचणाऱ्यांच्या पायांचा किंवा टाळ्यांचा आवाज येतोय का? बारात चार वेळा, तीन-तीनच्या अंतराने. तो पायाने धरा, घंटा तोंडाने म्हणा, आणि कुठे जुळतंय ते इथे लिहा.

पेटीवाली

पाय धरला की तोंड चुकतं, तोंड धरलं की पाय थांबतो. उद्या पोरांना करायला लावते, मग सांगते.