नेशन म्हणजे होस्टेल नव्हे

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातलं विद्यार्थ्यांचं 'नेशन' म्हणजे होस्टेल असं काहींना वाटतं, तर तसं नाहीये. काही नेशनांची घरं आहेत भाड्याने द्यायला, पण मूळ प्रकार वेगळाच. १७व्या शतकात आपापल्या प्रांतातून शिकायला आलेली पोरं एकत्र जमायची, त्यातून ही मंडळं झाली. आपल्याकडे गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची खोली असायची ना, साधारण तसंच डोक्यात ठेवा. म्हणून नावं स्मोलांड्स, व्हर्मलांड्स, गोटलांड्स अशी. आता अशी १३ आहेत आणि कुणीही विद्यार्थी कुठल्याही नेशनात जाऊ शकतो, २०१० पर्यंत तर सभासद होणं सक्तीचंच होतं.

शब्दांची मात्र गंमत आहे. नवा आलेला तो 'रेसेन्तिओर', लॅटिनच आहे ते. रोजचा कारभार 'कुरातोर' बघतो, तो विद्यार्थीच, पण तेवढा काळ अभ्यास बाजूला ठेवून पूर्णवेळ हेच काम करतो, आणि वर देखरेखीला 'इन्स्पेक्टोर', तो बहुतेक प्राध्यापक असतो (पोलीस नाही, नाव ऐकून घाबरू नका 😀).

'गास्क' म्हणजे नेशनात नटूनथटून, ठरवून दिलेल्या जागी बसून जेवण. स्वीडनमधल्याच लुंड विद्यापीठात त्यालाच 'सिटनिंग' म्हणतात. जेवणापेक्षा गाणीच जास्त, दोन घास खाल्ले की कोणीतरी सुरू करतंच आणि मग ग्लास उचलून 'स्कोल' (म्हणजे चिअर्स)! शेवटचं गाणं खुर्चीवर उभं राहून म्हणायचं आणि खाली उतरल्यावर परत बसायचं नाही, त्यामुळे स्वीट डिश आधीच संपवा.