हिरड्यांचा आजार आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध कितपत आहे?

प्रश्न: माझी आई ७४ वर्षांची आहे. ब्रश केल्यावर बेसिनमध्ये पडणारी तिची चूळ गुलाबी दिसते, आणि अलीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायलाही ती विसरते. हिरड्यांच्या आजारामुळे स्मृतिभ्रंश होतो का?

उत्तर १: संबंध आढळला आहे, पण कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा एक प्रमुख प्रकार) असलेल्या रुग्णांच्या मरणोत्तर तपासलेल्या मेंदूंत, हिरड्यांच्या आजारातील ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ या जिवाणूची जिंजिपेन नावाची विकरे (एन्झाइम) सापडली. मात्र ती विकरे रोखणाऱ्या अ‍ॅटुझाजिनस्टॅट या औषधाच्या, सहाशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत बुद्धीची घसरण थांबली नाही, हे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे ‘हिरड्या सांभाळा, अल्झायमर टळेल’ असे छातीठोकपणे सांगणे मला चुकीचे वाटते.

उत्तर २: उलट बाजूही पाहावी. माझ्या वडिलांची स्मृती खालावू लागली तेव्हा ते ब्रश ओला करून तसाच परत ठेवत आणि दात घासले असे मनापासून सांगत. हिरड्या सुजल्या त्या त्यानंतर. मी आरशासमोर शेजारी उभा राहून स्वतः दात घासू लागलो, तेव्हा तेही माझे पाहून घासू लागले.

उत्तर ३: आईंची रक्तशर्करा अवश्य तपासा, कारण मधुमेह हिरड्या आणि मेंदू या दोहोंना बाधतो. विसराळूपणासाठी बी-१२ जीवनसत्त्वाच्या आणि थायरॉइडच्या तपासण्याही करून घ्या, कारण त्यांतील दोष उपचारांनी सुधारतो. दातांची सफाई मात्र कशासाठीही लांबवू नका. रक्त येणाऱ्या हिरड्यांना उपचार हवाच.