कुर्की, जप्ती आणि टाच

आजोबांच्या पेटीत निजामकाळातले उर्दू कागद सापडले. ते वाचून घेतले तर एकात आमच्या जमिनीवर 'कुर्की' आल्याचं निघालं. पण जमीन आजबी आमच्याच नावावर आहे. कुर्की म्हणजे जप्तीच का? आन् पेपरात येती ती 'टाच' वेगळी असती का? वकीलसाहेबांनी सांगावं. (जिंतूर)

— दादा, कुर्की म्हणजे जप्तीच. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि कोर्टकचेरी उर्दूत चालायची, म्हणून जुन्या कागदांत हा शब्द भेटतो. हिंदी मुलखात आजही कोर्टाचा शब्द तोच आहे. मूळ तुर्की. 'कोरुक' म्हणजे राखलेली जागा, राजानं स्वतःसाठी राखून इतरांना मज्जाव केलेलं रान. राखणे या अर्थाच्या धातूवरून तो आला.

'जप्ती' अरबी 'ज़ब्त'वरून आली. ज़ब्त म्हणजे आवरून धरणं, बंदोबस्तात ठेवणं. उर्दू शायरीत रडू आवरण्यालाही ज़ब्तच म्हणतात, आणि अकबराच्या काळी जमीन मोजून सारा ठरवायच्या पद्धतीचं नाव 'ज़ब्ती' होतं. हिसकावून नेणं या दोन्हींत नाही.

कायद्यातही तेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ प्रमाणे जमिनीवर जप्ती येते तेव्हा कोर्ट मालकाला ती विकायला किंवा तिच्यावर बोजा चढवायला मनाई करतं. हुकमाची दवंडी देतात, तो जागेवर आणि कचेरीत डकवतात. मनाई मोडून खरेदीखत केलंच तर जप्ती लावणाऱ्याच्या हक्कापुढं ते टिकत नाही. पण मालकी मालकाचीच राहते. ती जाते लिलाव होऊन कोर्टानं तो कायम केल्यावर. तुमच्या आजोबांनी रक्कम भरली असेल किंवा तडजोड झाली असेल तर कुर्की उठली, इतकं सरळ आहे हे.

टाच म्हणजेही हीच मनाई. ईडीची 'तात्पुरती टाच' जास्तीत जास्त १८० दिवसांची असते, पुढं चालायला न्यायनिर्णय प्राधिकरणानं ती कायम करावी लागते. 'सरकारजमा' मात्र फार पुढची पायरी, तिथं मालकीच जाते. बातम्यांत हे सगळे शब्द एकाच अर्थानं छापतात, ते थांबायला पाहिजे. त्यानं माणसं घाबरतात आणि मुदतीत हरकत घ्यायची सोडून घरी बसतात.

— वकीलसाहेब, आमच्याकडं तर जप्ती आली म्हणजे दावणीचे बैल सोडून नेले, घरातली भांडी उचलली, असंच म्हणत्यात. (कंधार)

— जंगम मालाची जप्ती म्हणजे वस्तू उचलणंच, हे खरं. पण त्याच संहितेचं कलम ६० प्रत्येक शेतकऱ्याला माहीत पाहिजे. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरीतीप्रमाणे बाईनं अंगावेगळे न करायचे दागिने, शेतीची अवजारं, पोटापाण्याला लागतील असं कोर्टाला वाटेल तेवढी जनावरं आणि बियाणं, यांना दिवाणी जप्तीत हात लावता येत नाही.

म्हणून कुणी 'जप्ती आणतो' म्हणून दारात आलं तर पहिलं विचारायचं: हुकूम कुणाचा? कोर्टाचा असेल तर बेलीफ कागद दाखवील. थकलेल्या महसुलासाठी तहसीलची वाट वेगळी, ती जमीन महसूल संहिता, १९६६ मधली. बँका ज्या २००२ च्या सरफेसी कायद्यानं कोर्टाशिवाय ताबा घेतात, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. आणि हप्ता थकला म्हणून फायनान्सवाल्यानं ट्रॅक्टर ओढून नेला, तर ती जप्ती नव्हेच. तो करारावर घेतलेला ताबा. त्याला जप्ती म्हणून आपणच त्याला कोर्टाचा मान देतो.

— मग उसाचं बिल थकवणाऱ्या कारखान्याला हा शब्द लागत नाही का? (माजलगाव)

— लागतो, ताई. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, नंतर १५ टक्के व्याज. थकवली तर साखर आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे महसुली थकबाकीसारखी वसुली करायचा आदेश. मग जिल्हाधिकारी कारखान्याची साखर जप्त करून विकू शकतात, आणि तो पैसा उसाच्या बिलापोटी देता येतो. तुमच्या कारखान्यावर आरआरसी निघाली का, हे साखर आयुक्तालयात लेखी विचारा.