मराठा चेंबरची मेंबरशिप छोट्या वर्कशॉपवाल्याला परवडते का?

भोसरीचा_लेथवाला:
नमस्कार मंडळी, भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी, एक बाबांच्या वेळचा लेथ, सात माणसं. पहिल्यांदाच दुबईची ऑर्डर आलीय आणि क्लिअरिंग एजंट म्हणतो सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन लागेल, मराठा चेंबरमध्ये (पुण्यातली उद्योग-व्यापारवाल्यांची संस्था) जा, जमलं तर मेंबरच व्हा. बाबा म्हणतात तिथे सगळे मोठे कारखानदार, आपल्याला कोण विचारतंय. खरं काय? आणि नावात मराठा कशाला, पोरगा विचारत होता, मला सांगता आलं नाही.

कंटेनर_काका:
आधी पार्टीला विचारा कुठलं सर्टिफिकेट पाहिजे. चेंबर देतं ते साधं, माल भारतात बनलाय एवढंच सांगणारं. यूएईशी आपला २०२२ पासून करार आहे, त्यातली ड्युटीची सवलत घ्यायची असेल तर वेगळं लागतं, ते सरकारी एजन्सीकडून. दोन्हीचा अर्ज आता ऑनलाइनच. माझ्या पहिल्या वेळी इन्व्हॉइसवर एचएस कोड (कस्टम्ससाठीचा मालाचा नंबर) एक आणि अर्जात दुसरा, अर्ज परत आला आणि कंटेनर न्हावाशेवाला उभा, भाडं आपल्या बोकांडी. फक्त एका कागदासाठी मेंबर होऊ नका एवढंच सांगेन.

टिळक_रोडकर:
नावाचा जातीशी संबंध नाही हो. चेंबर १९३४ चं, ए. आर. भटांनी सुरू केलेलं, तेव्हा इंग्रजीत मराठी मुलखाला 'महरट्टा' लिहायचे, टिळकांच्या इंग्रजी पेपरचं नावही तेच. पूर्ण नावातलं 'अ‍ॅग्रिकल्चर', म्हणजे शेती, नंतर आलं. कोविडमध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणायला यांनीच सगळ्यांची मोट बांधली होती, ते मी जवळून बघितलंय, रात्री दोनला पण फोन चालू असायचे. बाकी चाकणचा ट्रॅफिक, पुरंदरचं विमानतळ, लोहगावची धावपट्टी एअरफोर्सची म्हणून होणारी अडचण, हे मंत्रालयात जाऊन कोणीतरी सतत बोलायला लागतं, तुम्ही आम्ही एकेकटे गेलो तर गेटवरच चहा पिऊन परत येऊ.

उधारी_बंद:
हो पण विमानतळाने माझं बिल निघत नाही ना 😀 एका मोठ्या कंपनीने माझे पैसे आठ महिने अडकवलेत. चेंबरच्या सेमिनारला गेलो, सीएने कायदा छान समजावला, ४५ दिवसांत पेमेंट वगैरे, आणि पुढच्या रांगेत त्याच कंपनीचा पर्चेस हेड बसलेला. वसुली चेंबर करणार नाही, त्यासाठी उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) काढून सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाका. ओळखी मात्र होतात, माझं एक नवीन गिऱ्हाईक तिथल्याच जेवणाच्या लाइनीत भेटलं.

भोसरीचा_लेथवाला:
धन्यवाद सगळ्यांना. दुबईला मेल टाकलाय, त्यांना ड्युटी सवलतवालंच पाहिजे म्हणे, म्हणजे एजंटने अर्धंच सांगितलं. मेंबरशिपचं या ऑर्डरचे पैसे आले की बघू, बाबांना जेवणाच्या लाइनीचं सांगितलं तर म्हणाले मग एक सेमिनार करून ये.