बुडता बुडता वाचलेलं पोरगं खेळायला लागलं, तरी दवाखान्यात का ठेवतात?

प्रश्न : घाटकर
उन्हाळा आला की पंचगंगा घाटावर आणि गावागावांतल्या विहिरींवर पोरं पोहायला शिकतात. एखादं गटांगळ्या खातं, वर काढलं की खोकतं, ओकतं आणि थोड्या वेळात खेळायला लागतं. तरी डॉक्टर सहा-आठ तास थांबा म्हणतात. एक्स-रे चांगला असला तरी. एवढा वेळ बघतात काय?

बालरोग वॉर्ड
पोटात गेलेल्या पाण्याची काळजी नसते, छातीत गेलेल्याची असते, आणि तिथं थोडंसं पाणीही पुरतं. फुफ्फुसातल्या वायुकोशांना आतून साबणाच्या फेसासारखा पातळ थर असतो. त्याच्यामुळं ते मिटत नाहीत. पाण्यानं तो थर धुतला गेला की काही वायुकोश मिटतात, आत पाणी झिरपतं, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. हे व्हायला काही तास लागतात, म्हणून पहिला एक्स-रे फसवतो.

बघायचं ते श्वासाचा वेग, बरगड्यांमध्ये पडणारे खळगे, सुस्ती आणि ऑक्सिमीटर. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला ४० च्या वर गेला तर तो जलद. बोटं गार असली तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो, आधी हात गरम करा. साधारण आठ तास ऑक्सिजन न लावता सगळं ठीक राहिलं तर घरी सोडतात.

घाटकर
नदीचं पाणी घाण असतं. अँटिबायोटिक लगेच देत नाहीत?

बालरोग वॉर्ड
सरसकट नाही. पुढं ताप आला, खोकला वाढला तर तपासून देतात. स्टेरॉइडचाही उपयोग नाही.

जीवरक्षक
काठावर जे चुकतं ते सांगतो. पोट दाबणं, उलटं टांगणं बंद करा. त्यात वेळ जातो, वर पोटातलं श्वासनलिकेत शिरतं. श्वास नसेल तर आधी तोंडानं पाच श्वास द्या, कारण इथं हृदय ऑक्सिजनअभावी थांबतं. नुसती छाती दाबून भागत नाही. मग ३० दाब, २ श्वास. दाब छातीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२०. दुसऱ्यानं १०८ लावावा. तोंडाला आलेला फेस पुसत बसू नका, पण उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा. श्वास सुरू झाला की ओले कपडे काढून पांघरूण घाला. डोक्यावर सूर मारला असेल तर मान हलवू नका.

तोंडानं श्वास द्यावा लागला, शुद्ध हरपली किंवा ओठ निळे पडले, तर पोरगं नंतर कितीही हसू दे, दवाखाना चुकवायचा नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात न्या किंवा रात्रभर मुलांचे डॉक्टर आणि ऑक्सिजन असेल तिथं. किती वेळ पाण्याखाली होतं आणि आधी कधी फिट आली होती का, हे तिथं सांगा.

बालरोग वॉर्ड
एक भर. नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागला आणि दोन-चार मिनिटांत थांबला, तर ॲडमिट करायची गरज नाही. घरी लक्ष ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरतं ना, चार दिवस ठणठणीत असलेलं मूल अचानक झोपेत जातं म्हणून, तसं होत नाही. त्रास व्हायचा तर पहिल्या काही तासांतच दिसायला लागतो. त्या वेळात खोकला परत सुरू झाला, श्वास वाढला किंवा मूल नेहमीपेक्षा गळून पडलं, तर सकाळची वाट बघू नका.