मूल गाडीत विसरणारे आईबाप नालायकच असतात का?

सुमेधा७

उन्हाळ्यातल्या काळजीच्या धाग्यावर काल 'रोखठोक' यांनी लिहिलं: "पोटचं पोर बंद गाडीत विसरणाऱ्या नालायकांना मूल व्हायलाच नको होतं. मोबाइल विसरतात का कधी? सेन्सर कसले बसवताय, आधी अक्कल बसवा." त्यावर धडाधड अनुमोदनं पडली. मला ते सहन झालं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

अमेरिकेत तापलेल्या बंद गाडीत होणाऱ्या मुलांच्या मृत्यूंची नोंद १९९८ पासून ठेवली जातेय. वर्षाला सरासरी ३७ च्या आसपास मुलं जातात, २०१८ आणि २०१९ मध्ये तर प्रत्येकी ५३ गेली. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त विसरली गेलेली. साधारण पाव हिस्सा स्वतःच गाडीत शिरून अडकलेली. उरलेल्यांना मोठ्यांनी "आलोच पाच मिनिटांत" म्हणत आत ठेवलेलं. विसरणाऱ्यांमध्ये शिकलेली, वक्तशीर, मुलावर जीव टाकणारी माणसं आहेत.

हे घडतं कसं? रोज सोडणारा एक असतो, त्या दिवशी ते काम दुसऱ्याकडे येतं. बाळ झोपलेलं असतं. मागे तोंड करून बसवलेली सीट ड्रायव्हरच्या जागेवरून भरलेली आणि रिकामी सारखीच दिसते. पाळणाघराचं वळण येतं आणि हात सवयीने ऑफिसकडे वळतात. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड डायमंड याचाच अभ्यास करतात. त्यांचं म्हणणं असं की सवयीची स्मृती 'पुढे हे करायचंय' या आठवणीवर कुरघोडी करते, वर मूल सोडून झाल्याची खोटी खात्रीही मेंदू देतो. म्हणूनच काही पालक संध्याकाळी मुलाला आणायला पाळणाघरात गेलेत. मूल दिवसभर गाडीतच होतं. या माणसांना तुम्ही अक्कल शिकवणार?

आठवणीवर भिस्त ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं. मूल वेळेवर आलं नाही तर पाळणाघराने लगेच फोन करावा. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने फेरी संपल्यावर शेवटच्या सीटपर्यंत चालत जावं. आणि आत माणूस आहे हे गाडीला कळावं.

रोखठोक

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तर ऐका. मी आणि बायको, दोघांनी नोकऱ्या करून दोन पोरं वाढवली. रात्रपाळ्या केल्या, तापात जागलो. एकदाही असं झालं नाही. मेंदूचं शास्त्र पुढे करून सगळ्यांना माफी द्यायची म्हटलं तर उद्या दारू पिऊन चालवणाराही मेंदूकडेच बोट दाखवेल.

आणि तुमच्या उपायाचं सांगतो. माझ्या नव्या गाडीत बंद करताना 'मागची सीट तपासा' असा मेसेज येतो. मागे लॅपटॉपची बॅग ठेवली तरी येतो. आता मी तो वाचतही नाही.

गॅरेजमधला

रोखठोक, तुमच्या गाडीतली सोय दाराच्या हिशेबावर चालते. निघण्याआधी मागचं दार उघडलं होतं, एवढंच तिला माहीत असतं. जनरल मोटर्सने २०१६ मध्ये आणलेली हीच. आत बाळ आहे की बॅग, हे तिला कळत नाही, त्यामुळे तुमची तक्रार बरोबर आहे.

पण रडारवाली सोय वेगळी. छतात बसवलेलं रडार पांघरुणाखालच्या बाळाच्या छातीची श्वासाबरोबरची हालचाल टिपतं. अशा सोयीला युरो एनकॅप, म्हणजे गाड्यांची सुरक्षितता तपासणारी युरोपातली संस्था, २०२३ पासून गुण देते. इटलीत ४ वर्षांखालच्या मुलांच्या सीटला अलार्म २०१९ पासून कायद्याने लागतो. अमेरिकेतल्या कंपन्यांनी २०२५ च्या मॉडेलपर्यंत स्वखुशीने काहीतरी बसवायचं कबूल केलं होतं, पण त्यात साधी दाराची सोयही चालते. माझा राग त्यावर आहे. स्वस्तातली वस्तू बसवून सुरक्षिततेची जाहिरात करायची.

वेणू_द

सगळे लहान मुलांबद्दलच बोलताय, म्हाताऱ्यांबद्दल कोणीच नाही. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश होता. भाऊ त्यांना मागे बसवून औषधं आणायला गेला. काच दोन बोटं खाली होती आणि बाबा दार उघडून भरकटू नयेत म्हणून चाइल्ड लॉक लावलेलं. दुकानात रांग. बाबा काचेवर तळहात आपटत होते, शर्टाची बटणं त्यांनी ओढून तोडली होती. एका अनोळखी माणसाने पुढच्या दाराची काच फोडून त्यांना बाहेर काढलं. भाऊ अजून त्या माणसाच्या नावाने बोटं मोडतो, गाडीचं नुकसान केलं म्हणून. मला तो माणूस भेटला तर मी त्याच्या पाया पडेन.

अधिक_उणे

वेणूताई, तुमच्या बाबांचं वाईट वाटलं, पण दुसरी बाजूही ऐका. माझ्या सासूबाई एसी लावून आरामात गाडीत बसल्या होत्या. डोळा लागला होता. एका शूरवीराने काच फोडली आणि त्यांच्या गालाला टाके पडले. त्याला विचारलं तर म्हणे, मला वाटलं बेशुद्ध आहेत. वाटलं म्हणून कोणाचीही गाडी फोडायची?

गॅरेजमधला

अवांतर होतंय, पण लिहितो. काच फोडण्याआधी चारही दारं ओढून बघा, बरेचदा एखादं उघडं असतं. सोबतच्या माणसाला मदतीसाठी फोन करायला सांगा. माणसापासून सगळ्यात लांबची बाजूची काच निवडा. मध्यभागी ठोसे मारू नका, टोकदार वस्तूने कोपऱ्याशी घाव घाला. समोरची काच फोडायच्या नादी लागू नका, तिच्यात प्लास्टिकचा थर असतो. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात. त्या तडकतात, पण निखळत नाहीत.

आणि अधिक_उणे, एसी चालू आहे म्हणजे निर्धास्त असं समजू नका. बटणावर सुरू होणाऱ्या काही गाड्या उभ्या असताना ठरावीक वेळाने इंजिन आपोआप बंद करतात. एसीचा पट्टा तुटतो, इंधन संपतं. झोपलेल्या माणसाला ते कळत नाही.

अधिक_उणे

म्हणजे मी सासूबाईंना मरायला ठेवलं होतं, असं म्हणायचंय का? नीट लिहा, नाहीतर लिहू नका. गाल माझ्या घरातल्या माणसाचा फाटला, तुमच्या नाही.

वेणू_द

असं कोणीच म्हटलेलं नाही. पण टाके भरून येतात. बाबा अर्धा तास आणखी आत राहिले असते तर कोणता डॉक्टर भरून काढणार होता?

नाडीपरीक्षा

भांडू नका. मी तातडीच्या विभागात काम करते. दोन बोटं उघड्या काचेने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात बाहेर जेमतेम २२ अंश असताना गाडी तासाभरात आतून ४७ पर्यंत तापू शकते असं दिसलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. म्हणजे कडक उन्हाळाच हवा असंही नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या ३ ते ५ पट वेगाने तापतं. म्हाताऱ्यांना घाम कमी येतो, काही औषधांनी आणखी कमी.

काच फोडायची की नाही, हे आतल्या माणसावरून ठरवा. जोरात टकटक करा, हाक मारा. डोळे उघडून नीट उत्तर दिलं, तर काचेला हात लावू नका. उत्तर नाही, बरळतोय, किंवा तान्हं मूल एकटं आहे आणि गाडीवाला दिसत नाही, तर थांबू नका. बाहेर काढल्यावर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. अधिक_उणे, तुमच्या सासूबाईंना त्या माणसाने आधी हाक मारायला हवी होती, हे मला मान्य आहे.

अधिक_उणे

तेवढंच मी म्हणत होते. हाक मारायची अट असेल तर माझा विरोध नाही.

सुमेधा७

काचेवरून मूळ मुद्द्यावर येऊ या का? जपानमध्ये माकिनोहारा इथे सप्टेंबर २०२२ मध्ये ३ वर्षांची मुलगी बालवाडीच्या बसमध्ये ५ तास राहिली आणि गेली. तिच्या पाण्याची बाटली रिकामी सापडली. नेहमीचा ड्रायव्हर नव्हता म्हणून बस शाळेचे प्रमुख चालवत होते. मुलगी वर्गात नाही हे दिसूनही घरी कोणी फोन केला नाही. एप्रिल २०२३ पासून तिथे अशा बसना बझर सक्तीचा झाला. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये असाच मृत्यू झाला. तिथे आता इंजिन बंद केल्यावर ड्रायव्हरला मागे जाऊन बटण दाबावं लागतं, नाहीतर अलार्म वाजतो. म्हणजे चालत जावंच लागतं. रोखठोक, इथे कोणाची अक्कल कमी पडली ते सांगा.

बसवरची_मावशी

मी शाळेच्या बसवर काम करते, म्हणून बोलते. मूल झोपलं की सीटवरून घसरून खाली पायाशी जातं. दप्तर वर, मूल खाली. पुढून नुसती नजर टाकली तर बस रिकामी दिसते. वाकून प्रत्येक सीटखाली बघावं लागतं. ते मी करते. पण एक फेरी संपायच्या आत दुसरीची घाई लावतात, उशीर झाला की पगार कापतात. यादी न बघताच सही करून द्या म्हणतात. बटण लावा, पण ते दाबायला वेळही द्या.

रोखठोक

बसचं मान्य. तिथे पगारी माणसं आहेत, नियम हवाच, आणि मावशी म्हणतात तसा वेळही द्यायला हवा. पण आणखी एक, जे तुम्ही एका ओळीत उरकलंत: स्वतःच गाडीत शिरून अडकणारी मुलं. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन लहानगी उभ्या गाडीत मृत सापडली. दाराच्या सोयीचा तिथे काय उपयोग? गाडी घरासमोर उभी असली तरी कुलूप लावा, किल्ली पोरांच्या हाती लागू देऊ नका, आणि पोर दिसेनासं झालं की आधी गाडीत आणि डिकीत बघा. याला रडार लागत नाही.

सुमेधा७

पूर्ण मान्य. हे मूळ धाग्यात घालते, तुमच्या नावासकट. आता पाळणाघराच्या फोनचं सांगा.

रोखठोक

फोन करायला हरकत नाही. माझ्या नातीच्या पाळणाघरात तो नियम आहे का, ते उद्या विचारतो. पण 'नालायक' हा शब्द मी मागे घेतलेला नाही.

सुमेधा७

नसेल घेतला, तर संध्याकाळी मुलाला आणायला पाळणाघरात गेलेल्या बापाला तो तोंडावर म्हणाल का, तेही लिहा. मी उत्तराची वाट बघतेय.